जीपच्या बॅटरीवरचं गाणं

अकोला, ५ सप्टेंबर १९६६

आज ऑफिसचं लोखंडी कपाट रिकामं करताना चतुराचा आवाज सापडला.

पत्र्याचा चपटा डबा, वर माझ्याच अक्षरात 'बार्शीटाकळीकडचा जलसा, १९५७'. आत टेपची चकती. मी समजत होतो की ती केव्हाच हरवली. खाली बसलो आणि डबा मांडीवर घेतला. शिपाई विचारू लागला, मोतीरामभाऊ, चक्कर आली का? हो म्हणालो. खरं सांगून त्याला काय कळणार होतं.

आमचं खातं गावोगावच्या सरकारी रेडिओंची देखभाल करतं. मी मेकॅनिक. उंदरांनी वायर खाल्ली, बॅटरी उतरली, कुणी रेडिओत कुंकू टाकून पूजा केली, की मी जीपमधून जातो. त्या काळी खात्याने एक टेपरेकॉर्डर घेतला होता, गावची गाणीबिणी भरून आणायला. दोन-तीन वर्षं हौस टिकली, मग यंत्र कपाटात गेलं. आता नवे साहेब आलेत. त्यांनी फर्मान काढलंय की जुन्या सगळ्या टेपा कोऱ्या करून दसऱ्याच्या आत जमा करायच्या. माणूस वाईट नाही, पण कपाट रिकामं दिसलं की त्याला बरं वाटतं.

मी म्हणालो, ही टेप चिकटलीय, घरी नेऊन सोडवतो, यंत्रही तपासतो. साहेब म्हणाले, "न्या. पण दसऱ्याआधी कोरी हवी."

माझ्या बायकोचा, चतुराचा, आवाज जाऊन तीन वर्षं झाली. गळ्यात गाठ होती. नागपूरच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की गाठ काढली तर आवाज जाईल, नाही काढली तर बाई. आम्ही बाई ठेवली. तेव्हापासून तिच्या तोंडून नुसती हवा येते, शब्द असतात पण आवाज नसतो. ओठांजवळ कान नेला तर ऐकू येतं. लोकांना वाटतं की ती बहिरी आहे, आणि सगळे तिच्याशी ओरडून बोलतात. एसटीचा कंडक्टर, भाजीवाली, माझी सख्खी बहीण. मला हाक मारायची झाली तर ती दोन टाळ्या वाजवते.

साऱ्या जगात तिचा आवाज या एका डब्यात आहे.

६ सप्टेंबर

काल रात्री जेवताना तिला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले, पुन्हा सुरू झाले. मग ती काहीतरी बोलली. चूल फुरफुरत होती, मला ऐकू आलं नाही. "काय?" म्हणून विचारलं तर तिने भाकरी तव्यावर टाकली आणि परत बोलली नाही. आनंदाने गळा भरून आला असणार. मी ताटावरून उठलो नाही, भूक फार लागली होती.

९ सप्टेंबर

डबा उघडला. आंबट वास. चतुरा वाकून हुंगून गेली. बोटाने खूण केली: लोणचं. बरोबर आहे, टेप आंबलीच आहे. नऊ उन्हाळे अकोल्याच्या पत्र्याखाली काढल्यावर माणूससुद्धा आंबतो.

वेढे एकमेकांना चिकटलेत. यंत्रावर एकदम लावली असती तर तुकडे झाले असते. ओसरीवर सावलीत बसून हाताने एकेक वेढा सोडवला आणि दुसऱ्या चकतीवर सैल गुंडाळला. दोन जागी तुटली. ब्लेडने तिरकं कापून चिकटपट्टीने जोडली. चतुरा ओसरीवर मेथी निवडत होती, एकदाही वळून पाहिलं नाही. हातातली मेथी मात्र संध्याकाळपर्यंत संपली नव्हती.

यंत्रावर लाल खटका आहे, तो दाबला की जुनं पुसून नवं भरतं. मी त्या खटक्याला दोरा बांधून टाकला, पक्की गाठ मारून. माझ्या हाताचा मला भरवसा आहे, पण अशा वेळी नको.

१४ सप्टेंबर, पोळा

आज सुट्टी. बाहेर बैलांच्या घुंगरांचा नाद. मी दार लोटून घेतलं, यंत्र सुरू केलं.

पहिल्यांदा नुसती खरखर. मग ढोलकी. मग एक बाई गायला लागली, आणि ती चतुरा नव्हती. बारीक, घाईची, नाकातली. पुढच्या गाण्यात आणखी बारीक, आणि शेवटी तर उंदरं भांडावीत तशी चिवचिव. वेगाचा खटका कमीवर केला. आता एक राक्षस गाऊ लागला. दोन्ही वेग करून पाहिले. एकात उंदीर, एकात राक्षस. चतुरा कुठेच नाही.

बंद केलं. चतुरा बैल पाहायला गेली होती. परत आली, माझं तोंड पाहिलं आणि पुरणाची पोळी पुढे ठेवली. काही विचारलं नाही. तिला काही वाटत नाही की काय, कळत नाही. मीच मेला जीव काढतोय.

१५ सप्टेंबर

सायकलवरून ऑफिसला जाताना, जिनिंग गिरणीच्या भोंग्याजवळ, एकदम डोक्यात प्रकाश पडला. उतरलो आणि तिथेच हसत सुटलो.

दिवा!

सगळं लिहून ठेवतो, कारण त्या संध्याकाळची आठवण इतकी ताजी पुन्हा होईल की नाही कोण जाणे.

नागपूरला दीक्षा घेऊन आलो त्याला एक वर्ष झालं होतं. बार्शीटाकळीच्या अलीकडच्या त्या खेड्यात पहिला वर्धापनदिन होता. मी साहेबांकडून जीप मागितली, टेपरेकॉर्डर मागितला, खात्याचं काम म्हणून. गावात वीज कुठली! जीपच्या बॅटरीवर एक फिरतं यंत्र लावायचं, ते शहरातल्यासारखी वीज करायचं, त्यावर टेपरेकॉर्डर चालायचा. सगळी मांडणी मी केली होती. चतुरा पांढरं लुगडं नेसून उभी होती, पाठीमागे चार बाया कोरसला. अमरावतीहून माझा दोस्त खुशालराव आला होता, आपल्या मळ्यातल्या झेंडूचा हार घेऊन. त्यांची माळ्यांची वस्ती, फुलांचा धंदा. हार मागितला तर म्हणाला, इकत नसतो असा हार, म्या सोता आणीन. आणि खरंच घेऊन आला.

मंडपात बाबासाहेबांचा फोटो मांडला होता. कंदील होता त्यापुढे. गाणं सुरू होणार तेवढ्यात म्हातारे नत्थुजी उठले. धोतराचा सोगा सावरत जीपपाशी आले आणि म्हणाले, "मोतीराम, तुह्या गाडीत बिजली हाये नं?"

"हाये, बाबा."

"मंग बाबासाहेबाच्या फोटोवर बिजलीचा दिवा लाव. कंदिलात ठेवतेत का त्यायले?"

सगळा मंडप "हो, हो" करून उठला. आता मी मेकॅनिक, मला माहीत की एकाच बॅटरीवर दिवाही लावला तर ती उतरत जाणार. पण त्या मंडपात नाही म्हणायची कुणाची छाती होती? आणि खरं सांगायचं तर मलाही तो दिवा हवा होता. मी वायर ओढली, बल्ब टांगला. पेटला तेव्हा बायांनी हात जोडले. कितीतरी पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा बल्ब पाहिला तो त्या फोटोवर. आजही कुणी सांगितलं तर मी पुन्हा लावीन.

तर झालं ते असं. बॅटरी उतरत गेली तसतसं टेपरेकॉर्डरचं चाक मंद होत गेलं. मंद चाकावर भरलेला आवाज आज शहरातल्या विजेवर, पुऱ्या वेगाने वाजतो. म्हणून तो घाईने येतो आणि चढतो. पहिलं गाणं थोडं, दुसरं जास्त, शेवटी पार उंदीर. चतुरा आतच आहे. तिला फक्त हळू चालवायचं आहे.

आणि गाणं कोणतं, तर तिचं स्वतःचंच, तिनेच बांधलेलं:

घागर माही रिती व्हती, आडाले नव्हती ओळख माही,
आता आडच म्हने मले, ये वो बाई, पानी घे.

'पानी घे' वर ती आवाज असा काही उतरवायची की बाया पदर डोळ्याला लावायच्या. मीही लावायचो, उपरण्याचा शेव.

१८ सप्टेंबर

यंत्राचं झाकण काढलं. आत एक जड चाक फिरतं, त्याच्याच जोरावर टेप सरकते. त्याच्या कडेवर अंगठा टेकवला की वेग कमी होतो. वाटलं, जिंकलं.

कसलं जिंकलं! अंगठा जरा दाबला की बाई गचकन खाली येते, जरा सुटला की उडी मारते. गाणं दारू प्यालेल्यासारखं झोकांड्या खातं. कुठे किती दाबायचं ते बॅटरीच जाणे. वेग गाण्यागणिक नाही, ओळीगणिक बदलतो. अंगठ्याला फोड आला.

चतुरा दारात उभी होती. दोन टाळ्या वाजवल्या. गेलो. तिने कानाशी तोंड आणलं. "त्या बाईले घरात आणू नका," म्हणाली.

"कोनत्या बाईले?"

तिने यंत्राकडे बोट केलं.

"वेडी हायेस का तू? ते तूच नं!"

ती आत निघून गेली. बायकांच्या मनाचा थांग लागत नाही. तीन वर्षं मी त्या आवाजासाठी कासावीस आणि हिला स्वतःचाच आवाज परका वाटतो.

२५ सप्टेंबर, अमरावती

बडनेऱ्याला गाडी बदलून खुशालरावकडे आलो. बाप गेल्यापासून मळा धाकटे भाऊ पाहतात आणि हा लग्नकार्यात भोंगे भाड्याने देतो. त्याच्याकडे स्वतःचा टेपरेकॉर्डर आहे, वरातीची गाणी वाजवायला. माझ्या यंत्रावर वाजवायचं, त्याच्या यंत्रावर भरून घ्यायचं, असा माझा बेत. माझी टेप पुसली गेली तरी आवाज वाचेल. दसऱ्याला, दहाव्या वर्धापनदिनी, त्याच गावात भोंग्यावरून लावू. नत्थुजी अजून आहेत म्हणे.

खुशालराव टेप लावण्याचं ऐकून उभाच राहिला. "मोतीरामभाऊ, वयनीचा आवाज? अन् तुमी आता सांगून राहिले मले?" त्याचे डोळे ओले झाले. मोठा ढेरपोट्या माणूस, मिशा अशा. त्याच्या अंगणात बसून आम्ही त्या संध्याकाळबद्दल बोलत राहिलो. हार बांधताना त्याच्या आईने सुई बोटात टोचून घेतली होती, जीप चिखलात रुतली होती, परतीला सगळ्या बाया जीपमध्ये आणि आम्ही पुरुष मागे ढकलत. चतुरा आत बसून गात होती आणि ढकलणाऱ्यांना नावं ठेवत होती. गाडीत असताना तोंडाला तिच्या खळ नसे. आता आठवलं की घर किती गप्प झालंय ते कळतं.

त्याने विचारलं, वयनी काय म्हनतेत? मी म्हणालो, काही नाही म्हणत. म्हणजे ती बोलते तसं, पण ऐकायला वाकावं लागतं, आणि मला सवड कुठे असते.

३ ऑक्टोबर

चकती नाही.

कपाट, ट्रंक, यंत्राची पेटी, सगळं उलथंपालथं केलं. ऑफिसातून कुणी आलं होतं का म्हणून शेजारी विचारून आलो. शेवटी संध्याकाळी दळणाला न्यायची मिलो ज्वारी काढायला पिंपात हात घातला तर डबा हाताला लागला. रेशनच्या त्या लाल मिलोत खोल पुरून ठेवलेला.

मी फार ओरडलो. माझं डोकं फिरलं म्हणजे मला भान राहत नाही. ती ओट्याशी उभी राहून बोलत होती, ओठ हलत होते, बराच वेळ हलत होते. मी ओरडत होतो, त्यामुळे तिचं काही ऐकू आलं नाही. मग तिने ओठ मिटले. घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

मिलोचे दाणे टेपच्या वेढ्यांत शिरलेत. कुंचल्याने झटकत बसलो. हिने असं का केलं असावं? ऑफिसला घाबरली असेल, सरकारी माल घरात म्हणून. दुसरं काही कारण दिसत नाही.

५ ऑक्टोबर

अबोला. म्हणजे माझा. तिचा असला तरी कळायचा कसा?

जेवताना मी मुद्दाम दुसरीकडे पाहत होतो. तिने ताट वाजवलं चमच्याने. पाहिलं नाही. पुन्हा वाजवलं नाही.

९ ऑक्टोबर

आज लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

सकाळच्या गाडीने खुशालराव आला, हमालाच्या डोक्यावर त्याचं यंत्र. येताच "जय भीम, वयनी!" असा ओरडला की शेजारचं कुत्रं भुंकलं. हाही त्यातलाच. चतुराने कानांवर हात ठेवले आणि हसली. पाच-सहा दिवसांनी हसली असेल.

दोन्ही यंत्रं शेजारी मांडली, वायर जोडली. दारं-खिडक्या लावल्या. मी म्हणालो, टेप फार कमजोर झालीय, फार वेळा वाजणार नाही. पहिलं गाणं कसंबसं भरलं गेलं, त्यात चढ थोडाच होता. आड-घागरीचं गाणं आलं आणि माझ्या अंगठ्याने घोळ सुरू केला. खुशालराव म्हणाला, "सरा बाजूले, म्या पाह्यतो." त्याचा अंगठा तर खलबत्त्याएवढा. 'आडाले नव्हती' इथेच बाईचा बुवा झाला, पुढे पुन्हा बाई, आणि 'पानी घे' म्हणजे नुसती किंकाळी. तो म्हणे, "जमते, जमते, थोडं दाबतो," आणि आणखी दाबायचा.

पाठीमागे टाळ्या वाजल्या. दोन नव्हे, ताडताड किती तरी. वळून पाहतो तर चतुरा, कपाळावर आठ्या, डोळे असे की पूर्वी कोरसमधली बाई चुकली की व्हायचे तसे. आली, खुशालरावचा हात धरून बाजूला केला, मला कोपराने ढकललं. खाली बसली. आम्हा दोघांना ऐकू जावं म्हणून जमेल तेवढी हवा काढून म्हणाली,

"बेसूर करून राहिले माह्यं गानं! लाजा नाई वाटत?"

आणि खूण केली: मागे घ्या, सुरुवातीपासून.

मी टेप मागे घेतली. तिने पदराचं टोक अंगठ्याला गुंडाळलं आणि चाकाच्या कडेवर टेकवलं. ढोलकी आली, घाईची. अंगठा किंचित दबला. ढोलकी सावरली. आणि मग, देवाशपथ म्हणायची सवय गेली आता, पण कशाची शपथ घेऊ, मग चतुरा आली. चतुराच. छातीतून येणारा, जरासा घोगरा, वावरातून हाक मारल्यासारखा तो आवाज. ओळीगणिक टेप पळायला बघायची आणि तिचा अंगठा तिला धरायचा. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, मान डोलत होती. ती गात होती. आवाज पेटीतून येत होता एवढंच. 'पानी घे' आलं तेव्हा अंगठा असा हलकेच रुतवला की सूर जसा उतरायचा तसाच उतरला. खुशालराव भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी रडलो. लपवत नाही.

गाणं संपलं, टेपवर टाळ्यांचा कडकडाट झाला. खुशालरावने नाक पुसत पुसत आपलं यंत्र बंद केलं. शेवटी ती उंदरांची चिवचिव उरली होती, मी तिला खरखर समजत होतो. मी बंद करायला हात पुढे केला. चतुराने हात धरला आणि अंगठा जोराने दाबला. आणखी दाबला. चाक जवळजवळ थांबलं, घरघरू लागलं, आणि त्या चिवचिवीतून एक माणूस बोलला. कोवळा, उतावळा आवाज. मला ओळखायला वेळ लागला. मीच होतो.

"चतुरा, बॅटरी उतरून राहिली. गानं नीट भरत नाई. फोटोवरचा दिवा काढू का?"

मग चतुराचा आवाज, हसरा, दमलेला:

"दिवा राहू द्या वो. माह्या आवाजाले काय व्हते, म्या घरीच हाये नं. वाटंल तवा आयकजा."

मग कट्ट झालं. जोडलेल्या जागी ताण आला आणि टेपचं शेवटचं टोक तिच्या बोटांत चुरा होऊन पडलं. ते आता परत वाजणार नाही. खुशालरावचं यंत्र तर बंदच होतं. तो भिंतीकडून वळून विचारत होता, काय झालं, काय झालं.

चतुराने अंगठ्यावरचा पदर सोडला. चाकाने तिचं लुगडं काळं केलं होतं. माझ्याकडे पाहिलं, फार वेळ पाहिलं. मी जमिनीवरचा चुरा वेचू लागलो.

१० ऑक्टोबर

'वाटेल तेव्हा ऐका.' दिवसभर डोक्यात हेच. ऑफिसात एका रेडिओला उलटी बॅटरी लावली.

१७ ऑक्टोबर

टेप जमा करण्याआधी पुसायची होती. खुशालरावकडे दोन्ही गाणी सुखरूप आहेत, त्याने भोंग्यावर लावून पाहिलीत, तरी लाल खटक्याचा दोरा माझ्याने सुटेना. मीच बांधलेली गाठ. चतुरा आली, दातांनी दोरा तोडला आणि खटका दाबून टाकला. चकती मुकाट फिरत राहिली.

मी विचारलं, "काही वाटत नाई तुले?"

ती बोलली. मी यंत्र बंद केलं, उठून तिच्याजवळ गेलो आणि कान पुढे केला. "पुन्हा सांग," म्हणालो.

ती चकित झाली असावी. म्हणाली, "म्या तवाच सांगतलं व्हतं तुमाले, भाकरी थापतानी. आवाज आना, पन मले सोडून त्याच्यापाशी बसू नका."

२३ ऑक्टोबर, दसरा

तेच गाव. आता खांब आलेत, वीज आली. मंडपात बाबासाहेबांच्या फोटोवर दिवा होता, गावच्या स्वतःच्या विजेचा. खुशालरावने झेंडूचा हार आणला आणि चिंचेच्या झाडावर भोंगा बांधला. नत्थुजींना दोघांनी धरून आणलं. डोळे गेलेत. मी सांगितलं, बाबा, दिवा लागला आहे फोटोवर. ते म्हणाले, "मले मालूम हाये. गरम लागून राहिलं तोंडाले."

मग खुशालरावने टेप लावली. आड-घागरीचं गाणं शिवारभर गेलं. ज्या बाया तेव्हा कोरसला होत्या त्यांतल्या दोघी उठून उभ्या राहिल्या आणि पाठीमागून धरू लागल्या. तरण्या पोरी माना वळवून चतुराकडे पाहत होत्या. ही? हीच का ती? सगळा मंडप भोंग्याकडे तोंड करून बसला होता. मीही. नऊ वर्षांपूर्वीची माझी बायको झाडावरून गात होती आणि माझ्या अंगावर काटा उभा होता.

तेवढ्यात माझी बाही ओढली गेली. चतुरा शेजारी बसली होती, ओठ हलत होते. मी वाकलो. ऐकू येईना. झाडावरचा आवाज इतका मोठा होता की त्यात तिचं बोलणं बुडून गेलं. तिने पुन्हा सांगितलं. मला पुन्हा ऐकू आलं नाही. ती हसून राहू द्या म्हणाली, हाताने.

'पानी घे' यायचं होतं. दोन ओळी राहिल्या होत्या.

मी खुशालरावकडे पाहिलं आणि हाताने खूण केली, भोंगा बारीक कर. त्याला समजेना. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "बंद कर, खुशालराव! तुही वयनी बोलून राहिली."

मंडप शांत झाला. मी खाली बसलो आणि कान तिच्या ओठांशी नेला.

भूक लागली म्हणाली.